विटीदांडूचे नियम कोण ठरवतं?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं की, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस विटीदांडूवर काय बोलणार? माझं उत्तर असं आहे: नियम म्हणजे काय, तो कोण करतं आणि कुठेही न लिहिलेला नियम माणसं का पाळतात, हा तत्त्वज्ञानातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, मेहकरपासून जळगाव जामोदपर्यंत, त्याचं उत्तर शाळा सुटल्यावर पोरांनी पिढ्यानपिढ्या दिलेलं आहे. त्यांनी ते शब्दांत मांडलं नाही, खेळून दाखवलं.

आणखी एक कारण आहे. विटीदांडू संपत चालला, तर त्याचे सगळीकडे एकसारखे नियम करा, छापा आणि शालेय स्पर्धांमध्ये तो घाला, अशी सूचना हल्ली वारंवार ऐकू येते. सूचनेमागे कळकळ आहे. पण तिच्यामुळे नक्की काय वाचेल आणि काय जाईल, हे आधी तपासायला हवं. त्यासाठी मी शेजारी एक परका खेळ ठेवणार आहे, आयर्लंडचं हर्लिंग. तोही लाकडाच्या काठीने खेळायचा खेड्यातला खेळ. आपण आज जे करू म्हणतो ते त्या लोकांनी १८८४ मध्ये करून टाकलं. त्यांच्या हिशेबाची वही आपल्याला उघडून बघता येते.

आधी आपला खेळ. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तो हाताने माहीत आहे, पण ही व्याख्यानं दूरवर ऐकली जातात, म्हणून सांगतो. दांडू म्हणजे दीड-दोन हात लांबीची, मुठीत नीट बसेल अशी काठी. विटी म्हणजे वीतभर किंवा त्याहून लहान लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना तासून निमुळता केलेला. आपल्या वऱ्हाडी बोलीत तिला इटी म्हणतात. धुऱ्यावरच्या बाभळीची फांदी तोडायची, विळ्याने तासायची, झालं. जमिनीत एक लांबट, उथळ खळगा करायचा, तो गल. गलीवर विटी आडवी ठेवायची, दांडूचं टोक खाली घालायचं आणि विटी जोराने समोर भिरकावायची. याला कोलणं म्हणतात. समोर दुसऱ्या बाजूचे भिडू पसरलेले असतात. त्यांच्यापैकी कोणी विटी वरच्यावर झेलली तर कोलणारा बाद. झेल नाही झाला तर दांडू गलीवर आडवा ठेवायचा, आणि विटी जिथे पडली तिथून एक भिडू ती दांडूवर नेमकी फेकतो. लागली तर बाद. नाही लागली तर खरा खेळ सुरू होतो.

आता टोला. विटी जमिनीवर पडलेली आहे. तिची टोकं निमुळती असल्यामुळे पोट जमिनीला टेकतं आणि टोकं थोडी अधांतरी राहतात. त्या टोकावर दांडूने हलकेच, पण नेमकं मारायचं. ते टोक खाली दबतं आणि विटी गिरकी घेत वर उडते. ती खाली यायच्या आत तिला दांडूचा जोरदार फटका द्यायचा. टोकावर जास्त जोर दिला तर विटी भलतीकडे उडते, कमी दिला तर गुडघ्याएवढीही वर येत नाही. साधारण तीन वेळा संधी मिळते. मग विटी जिथे पडली तिथून गलीपर्यंतचं अंतर दांडूने मोजायचं.

हर्लिंगची काठी सुमारे तीन फूट लांब असते, खालच्या टोकाला रुंद आणि चपटी. ती ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्याजवळच्या लाकडाची करतात, कारण तिथे लाकडाच्या रेषा वळलेल्या असतात आणि काठीचं वळणही त्याच रेषांनी जातं. तिकडे तिला कमान म्हणतात. आपला कमान शब्द फारसीतून आलेला, त्यांचा आयरिश. उच्चार जवळचा आहे, नातं काही नाही. चेंडू टेनिसच्या चेंडूहून थोडा मोठा, आत बूच आणि वर चामडं. एका बाजूला पंधरा खेळाडू. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. गोलचे खांब रोमन लिपीतल्या एच अक्षरासारखे: दोन उंच खांब, मध्ये आडवी दांडी. दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, दांडीखालून जाळीत गेला तर गोल, आणि गोलाचे तीन गुण. त्यामुळे त्यांचा गुणफलक दोन आकड्यांत लिहितात. २-१५ म्हणजे दोन गोल आणि पंधरा गुण, एकूण एकवीस. मोठ्या संघांचा सामना सत्तर मिनिटांचा.

आता नीट लक्ष द्या. हर्लिंगमध्ये हवेतला चेंडू हाताने झेलता येतो. हातात घेऊन चार पावलांपर्यंत जाता येतं. पळताना तो काठीच्या पात्यावर तोलून नेता येतो. पण जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही! तो काठीनेच वर घ्यावा लागतो. पळतापळता, समोरचा अंगावर येत असताना, पातं चेंडूखाली सरकवायचं आणि तो उडवायचा. म्हणजे त्यांची अडचण आणि आपल्या टोल्याची अडचण एकच आहे. वस्तू जमिनीवर पडली आहे, हात आहे, पण हात लावायचा नाही. लाकडाने उठवायची आणि हवेत मारायची.

ही बंदी कशासाठी? हाताने उचललं असतं तर किती सोपं झालं असतं! बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली एका पुस्तकात याचं उत्तर मांडलं. त्याचा सारांश असा, की खेळणं म्हणजे गरज नसलेल्या अडचणी आपणहून स्वीकारणं. विटी गलीपासून लांब न्यायची एवढाच हेतू असता तर ती खिशात घालून चालत गेलो असतो. पण मग तो विटीदांडू राहिला नसता. म्हणजे काही नियम असे असतात की, ते आधीपासून चाललेल्या गोष्टीला शिस्त लावत नाहीत, ती गोष्टच घडवतात. रस्त्याने डावीकडून चाला, हा शिस्तीचा नियम. तो नसला तरी रस्ता असतोच, गोंधळ तेवढा होतो. ‘टोला हवेतच मारायचा’ हा घडवणारा नियम. तो काढला की खेळच उरत नाही. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी तो कामाला येणार आहे.

आता मोजणीकडे येऊ. पुष्कळ गावांत दांडूने अंतर मोजताना एक, दोन, तीन म्हणत नाहीत. म्हणा बरं माझ्याबरोबर: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वई, झकू. (सभागृहातून आवाज.) बघा, लगेच भांडण सुरू झालं! कोणी रेंड म्हणतं, कोणाचा शेवट वेगळा आहे. ठीक आहे, प्रत्येकाचं त्याच्या गावापुरतं बरोबर. सात झाले की पुन्हा वकट. मोजणी ज्या शब्दावर संपेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. एका शब्दाला विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवायची, एकाला मुठीवर, एकाला कोपरावर, एकाला मान मागे टाकून मिटलेल्या डोळ्यावर. कोणत्या शब्दाला कोणता अवयव, हे गावागणिक बदलतं.

हे शब्द कुठले? तेलुगूत एकाला ओकटि म्हणतात, दोनाला रेंडु, तिनाला मूडु, चाराला नालुगु. तुमचं-आमचं वकट, रेंड, मूंड, नाल समोर उभं राहिलं की नाही? ओल्याला वला म्हणणाऱ्या माणसांनी ओकटिचं वकट केलं यात नवल नाही. भाषेच्या अभ्यासकांनी हे साम्य फार पूर्वीच दाखवून दिलेलं आहे. पुढे मात्र गाडी घसरते. तेलुगूत आरु म्हणजे सहा, आणि आपल्या बऱ्याच मोजण्यांत आर पाचव्या जागी बसलेला असतो. मधला अयिदु, म्हणजे पाच, वाटेत कुठेतरी गळाला.

कोणी म्हणेल, आपला वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता, हैदराबादकडून तेलुगू शब्द आले असतील. पण ही मोजणी पुण्याकडे आहे, कोकणात आहे, निजामाचा संबंध नव्हता तिथेही आहे. तेव्हा हे कारण पुरत नाही. मराठी आणि दक्षिणेकडच्या भाषा यांचा शेजार कितीतरी जुना आहे, आणि ही मोजणी त्या शेजाराची खूण आहे, एवढं आपण निश्चित म्हणू शकतो.

मला स्वतःला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एक अक्षर तेलुगू न येणारी आपली पोरं हे अंक वापरतात आणि चुकत नाहीत. चुकलं तर दुसरा लगेच पकडतो. नाल म्हणजे चार, हे त्यांना माहीत नाही. नालला विटी कुठे ठेवायची ते माहीत आहे. विट्गेन्स्टाईन या तत्त्वज्ञाचा १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. शब्दाचा अर्थ म्हणजे त्यामागे लपलेली वस्तू नव्हे, बहुतेक वेळा तो शब्द लोक कसा वापरतात तोच त्याचा अर्थ, हा त्यातला गाजलेला विचार. आम्ही तो वर्गात समजावताना घाम गाळायचो. वकट-लेंड म्हणणाऱ्या पोराला तो आयता कळलेला असतो.

आता खेळ सुरू होण्याआधीची दहा मिनिटं आठवा. आज झेल एका हाताचा धरायचा की दोन्ही? विटी बाभळीत अडकली तर काय? संधी तीन की दोन? धाकटा भाऊ बरोबर आलाय, त्याचं काय करायचं? त्याला कच्चा लिंबू करायचं. तो खेळेल, धावेल, पण बाद झाला तरी बाद धरायचा नाही. कोणाच्या पायात काटा गेला तर ‘टाइम प्लीज’ म्हणायचं, खेळ थांबतो. आणि ठरलेलं मोडून वर कांगावा करणारा असेल तर त्याला रडीचा म्हणायचं. हे नाव एकदा चिकटलं की दुसऱ्या दिवशी त्याला कोणी आपल्या बाजूला घेत नाही. पंच नाही, शिट्टी नाही, दंड नाही, तरी नियम चालतो.

काही गावांत तर अंतर मोजतही नाहीत. मारणारा नजरेने अंदाज करून सांगतो, इतके दांडू. समोरच्यांना पटलं तर तेवढे मिळाले. नाही पटलं तर मोजायचं, आणि अंतर कमी भरलं तर सांगणाऱ्याचा डाव गेला. म्हणजे खोटं सांगायची मुभा आहे आणि त्याची किंमतही ठरलेली आहे. दहा वर्षांच्या पोरांनी सांभाळलेली ही व्यवस्था आहे, मंडळी. ग्रामसभेत आपल्याला एवढं साधतं का, हा विचार ज्याचा त्याने करावा. (हशा.)

आता आयर्लंडची वही उघडू. हर्लिंग फार जुनं. इंग्रज राज्यकर्त्यांनी १३६६ च्या किल्केनीच्या कायद्यात आपल्या वसाहतीतल्या लोकांना काठी-चेंडूचा असा खेळ खेळायला मनाई केली होती. खेळ कायद्याने मेला नाही. पण १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळाने देशाचं कंबरडं मोडलं. लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. गावंच रिकामी झाल्यावर खेळणार कोण? उरलेल्यांपुढे इंग्रजांचे नियमबद्ध खेळ आले, क्रिकेट आले, रग्बी आले. तेव्हा मायकल क्युसॅक या शिक्षकाने पुढाकार घेतला आणि १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. हर्लिंगचे नियम लिहिले गेले. १८८७ ची पहिली देशव्यापी स्पर्धा सुरू झाली, तिचा अंतिम सामना पुढच्या वर्षी झाला.

यात काय वाचलं? खेळ वाचला. आजही तो हौशी आहे, खेळाडूंना पगार नाही, तरी डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये अंतिम सामन्याला ऐंशी हजारांवर माणूस जमतो. बायकांचा तसाच खेळ, कॅमोगी, १९०४ पासून संघटित आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्हींना मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणि एक मोठं शहाणपण त्यांनी केलं: खेळाडू आपल्या गावाकडूनच खेळतो. नियम देशाचा, पण संघ गावाचा.

आणि गेलं काय? दुष्काळापूर्वी हर्लिंग एक नव्हतं, ढोबळमानाने दोन होती. दक्षिणेत उन्हाळ्यात रुंद काठीने आणि मऊ चेंडूने खेळत, चेंडू हातात घेता येई. उत्तरेत हिवाळ्यात अरुंद काठीने कठीण चेंडू जमिनीवरूनच मारत. लिहिताना मुख्यतः दक्षिणेचा प्रकार नियम झाला. उत्तरेचा प्रकार विरत गेला. वहीत एक नाव चढलं की शेजारचं खोडलं जातं.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. हुतूतू आठवतो? पुण्या-साताऱ्याकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्याचे नियम बांधले गेले. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत हा खेळ पदकाचा झाला. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तोवर तो सर्वत्र कबड्डी झाला होता, आणि ‘हुतूतू’ म्हणत दम धरणारं पोर आता शोधावं लागतं.

मग काय, लिहूच नये? तसंही म्हणता येत नाही. कारण न लिहिता विटीदांडू आपोआप टिकेल, ही आशा खोटी आहे. पूर्वी ज्वारी निघाली की वावरं मोकळी व्हायची. आता जिथे पाणी आहे तिथे सोयाबीन निघताच हरभरा, गहू उभा राहतो. गावठाणात मोकळी जागा उरली नाही. उरलेल्या जागेवर क्रिकेट आलं. विटी डोळ्याला लागते, ही आईबापांची भीतीही खरी आहे, तिची थट्टा करू नये. हर्लिंगवाल्यांनी २०१० पासून चेहऱ्याला जाळी असलेलं शिरस्त्राण सर्वांना सक्तीचं केलं. आपल्यालाही लिहायचं तर पहिलं कलम डोळ्यांचं हवं: टोल्याच्या वेळी भिडू किती लांब उभे राहतील आणि डोळ्यांवर काय लावतील.

माझं म्हणणं शेवटी एवढंच आहे, आणि मघाचा तो फरक इथे उपयोगी पडतो. खेळ घडवणारे नियम लिहा. ते मोजकेच आहेत: विटी कोलायची, टोला हवेत मारायचा, झेल झाला की बाद, अंतर दांडूने मोजायचं. डोळे सांभाळायचे. इतकं छापलं की खेळ ओळखता येतो आणि शाळेत शिकवता येतो. बाकीचं, म्हणजे संधी किती, झेल कसा, अडकलेल्या विटीचं काय, कच्चा लिंबू कोण, नालला विटी कुठे, ते पोरांवर सोडा. स्पर्धा असली तरी सामन्याआधी दोन्ही संघांना दहा मिनिटं द्या. मेहकरच्या पोरांनी मोताळ्याच्या पोरांशी बसून ठरवावं. भांडतील, भांडू द्या. ते भांडणही खेळाचाच भाग आहे. मीटरपट्टी आणाल, तर मात्र वकट-लेंड एका हंगामात बंद पडेल, कारण त्याचं कामच उरणार नाही.

यावर आक्षेप येईल की, प्रत्येक सामन्याचे नियम थोडे वेगळे असले तर निकालांची तुलना कशी करायची, जिल्ह्याचा विक्रम कसा ठरवायचा? आक्षेप बरोबर आहे, तुलना होणार नाही. विक्रमांची वही आपल्याला मिळणार नाही. मी ती किंमत द्यायला तयार आहे. कारण विक्रम ठेवणारे खेळ आपल्याकडे भरपूर आहेत. बरोबरीच्या माणसांनी समोरासमोर बसून नियम करायचा, आणि करणाऱ्यांनीच तो पाळायचा, हे शिकवणारी जागा पोरांना दुसरी कुठे आहे? शाळेत नियम तयार मिळतो, मोबाइलच्या खेळात तर तो मोडताच येत नाही. आणि जो मोडता येत नाही तो पाळल्याचं श्रेय कसलं?

जाण्यापूर्वी एक काम सांगतो. घरी गेल्यावर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: तुमच्या गावात मोजणी कशी होती, कोणत्या शब्दाला विटी कुठे ठेवायचे, कोलताना कसं उभं राहायचे. आजीलाही विचारा, तिनेही भावांच्या मागे धावून विटी आणलेली असते आणि मोजणी तिला तोंडपाठ असते. सांगतील तसं, त्यांच्याच उच्चारात लिहा, दुरुस्त करू नका. वर गावाचं आणि तालुक्याचं नाव घाला. शेजारच्या गावाशी जुळलं नाही तरी दोन्ही ठेवा. तेरा तालुक्यांचा आपला जिल्हा. असे शंभर कागद जमले तर ते एकशेजारी एक ठेवून वाचायला मला फार आवडेल.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मघाशी मागून ज्यांनी रेंड म्हटलं, त्यांच्यापासून सुरू करू या. तुमचं गाव कोणतं?